खातं नसलेल्यालाही लिहू द्या: मराठी विकिपीडियाच्या प्रचालकांना आणि सदस्यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच एक. नाशिकच्या एका छापखान्यात मुद्रितशोधनाचं काम करते आणि रात्रीची जेवणं आटोपली की तासभर 'अलीकडील बदल' उघडून बसते. कुणी कुठे काय बदललं ते पाहायचं, घाण असेल तर उलटवायची, शुद्धलेखन जमेल तेवढं सावरायचं. तुमच्यापैकी कित्येकांची नावं मला रोज दिसतात, दोघा-चौघांशी फोनवरही बोलणं होतं. अलीकडे बोलणं कुठूनही सुरू झालं तरी शेवट एकाच वाक्यावर येतो: खातं नसलेल्यांचं संपादन एकदाचं बंद करून टाकू या. पोर्तुगीज विकिपीडियावाल्यांनी केलं, मग आपण का नाही?

या विषयावर चावडीवर, म्हणजे आपल्या सामाईक चर्चेच्या पानावर, कौल मांडला गेलाच तर माझं मत विरोधात पडेल. नुसतं 'विरोध' लिहून खाली सही करता आली असती. पण ज्यांच्याबरोबर इतकी वर्षं काम केलं त्यांना कारण न सांगता विरोध करणं मला बरं वाटत नाही, म्हणून हे पत्र. आणि ते जाहीर लिहिते आहे, कारण ज्यांच्याबद्दल हा निर्णय होईल ते चावडीवर कधी नसतात.

आधी तुमच्या वैतागाबद्दल. तो खरा आहे, मलाही येतो. शाळांना सुट्ट्या लागल्या की शिव्यांचा पाऊस सुरू होतो. संतांच्या लेखात कुणी घाणेरडी ओळ घुसडतो. गावाच्या लेखात कुणी मित्राचं नाव घालून पुढे 'भावी आमदार' लिहितो. एखाद्या जातीवरच्या लेखात एक जण काही लिहितो, दुसरा ते खोडतो, तिसरा येऊन दोघांच्या आयाबहिणी काढतो. एका रात्री एका अभिनेत्रीच्या लेखात तिच्या मृत्यूची तारीख घातलेली सापडली. त्याच संध्याकाळी मी तिला टीव्हीवर मुलाखत देताना पाहिलं होतं. हे सगळं निस्तरणारे सक्रिय प्रचालक (लेख सुरक्षित करण्याचे, बंदी घालण्याचे जादा अधिकार असलेले सदस्य) हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्या प्रत्येकाला नोकरी आहे, घर आहे, म्हातारे आईवडील आहेत. कुणालाही एक पैसा मिळत नाही. अशा माणसांनी 'दार लावून घेऊ' म्हटलं तर त्यांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही.

पण रोज गस्त घालून घालून माणसाचं मन कसं घट्ट होत जातं, ते मी स्वतःवरून सांगते.

२०२२ च्या पावसाळ्यातली गोष्ट. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावाचा लेख. असे लेख तुम्हाला ठाऊक आहेत: जनगणनेतले आकडे, क्षेत्रफळ, तालुक्याचं नाव आणि हवामानाचा तोच ठरावीक परिच्छेद. रात्री पावणेअकराला त्यात एका अंकपत्त्यावरून, म्हणजे खातं नसलेल्याच्या नावाच्या जागी तेव्हा दिसणाऱ्या आयपी पत्त्यावरून, पाच ओळी आल्या. मला त्या जवळजवळ पाठ आहेत. 'आमच्या गावात आता टेंभूचे पानी आले आहे. तलाव भरतो. द्राक्षे डाळींब होतात. पूर्वी दूष्काळामूळे मानसे गलाईला बाहेर गेली.' आणि शेवटी गावच्या यात्रेची तिथी. न-ण चा घोळ, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, सुरुवातच 'आमच्या गावात' अशी, संदर्भ एकही नाही. अंकपत्ता कुठला म्हणून पाहिलं तर तामिळनाडू. मनात म्हटलं, तामिळनाडूत बसून सांगलीतल्या गावाबद्दल कोण लिहिणार? उलटवलं. बदलाच्या सारांशात 'संदर्भहीन मजकूर' असं टाकलं आणि पुढच्या बदलाकडे गेले. सगळं मिळून वीस सेकंद लागले असतील.

अर्ध्या तासाने त्या लेखाच्या चर्चापानावर एक ओळ उमटली. अंकपत्त्याचे शेवटचे आकडे बदललेले, पण माणूस तोच. 'मी याच गावचा आहे खोटे नाही लिहीले का पूसता.'

मी त्याच्या अंकपत्त्याच्या चर्चापानावर उत्तर लिहिलं. संदर्भ कसे द्यावेत, याचा नेहमीचा साचा, म्हणजे तयार मजकूर, लावला. तो त्याने पाहिला असेल असं मला वाटत नाही. मोबाईलचा अंकपत्ता तोवर दुसऱ्याच कुणाच्या वाट्याला गेला असणार. तो माणूस परत आला नाही.

चार-पाच दिवसांनी विट्याच्या माझ्या मैत्रिणीशी बोलताना मी सहज हा किस्सा सांगितला. ती म्हणाली, "अगं, तामिळनाडूत नाही तर कुठं असणार तो? गलाईवाला असंल की." मग तिने मला जे सांगितलं ते तुमच्यातल्या सांगलीकरांना नवीन नसेल, मला होतं. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभर सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात आहेत. त्यालाच गलाई म्हणतात. केरळपासून आसामपर्यंत कुठल्याही सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत शिरलं तर या भागातल्या कुणाची तरी भट्टी सापडते. दुष्काळाने घराबाहेर काढलेली ही माणसं. त्यांची मुलं तिकडच्या शाळांत तिकडच्या भाषेत शिकली, पण घर बांधायचं ते गावाकडे आणि यात्रेला यायचं म्हणजे यायचंच. तिचे दोन मामा याच धंद्यात आयुष्यभर राहिले. आणि टेंभू म्हणजे कृष्णेचं पाणी कऱ्हाड तालुक्यातल्या टेंभूपासून टप्प्याटप्प्याने उचलून या कोरड्या माथ्यावर आणणारी योजना. नव्वदच्या दशकात काम सुरू झालं, आणि पाण्याची वाट पाहण्यात तिथल्या एका पिढीचे केस पांढरे झाले.

म्हणजे ज्या पाच ओळी मी पुसल्या त्यात त्या गावाची गेल्या पन्नास वर्षांतली सगळ्यात मोठी गोष्ट होती. माणसं का गेली, कुठे गेली, आणि आता पाणी आलं. आमच्या हवामानाच्या परिच्छेदात यातलं काहीच नव्हतं. त्या लेखात खुद्द गावच्या माणसाच्या हातची तेवढीच एक नोंद होती आणि ती मी वीस सेकंदांत काढून टाकली. ओळी चुकीच्या होत्या म्हणून नव्हे. सदस्यनावाच्या जागी आकडे दिसले आणि मी नीट वाचलंच नाही.

नोंदणी सक्तीची असती तर काय झालं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला. त्याने 'संपादन' दाबलं असतं, समोर नाव-संकेतशब्दाचा तक्ता आला असता, आणि दिवसभराच्या कामानंतर रात्री पावणेअकराला त्याने फोन बाजूला ठेवला असता. मला काहीच कळलं नसतं. उत्पात आपल्याला दिसतो, तो बदलांच्या यादीत येतो, महिन्याचा हिशेब काढता येतो. जो लिहायला येऊन परत गेला तो कुठल्याच यादीत नसतो. म्हणून दार लावल्यावर आपल्याला फक्त शांतता जाणवेल आणि निर्णय बरोबर होता असंच वाटत राहील. मला भीती वाटते ती याची.

पोर्तुगीज विकिपीडियाकडे वळते, कारण तुम्ही सगळे त्याचाच दाखला देता. तिथल्या समुदायाने ऑक्टोबर २०२० मध्ये कौल घेऊन लेखांचं संपादन फक्त खातेधारकांपुरतं ठेवलं. उलटवावी लागणारी संपादनं त्यानंतर बरीच घटली. हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. पण पोर्तुगीज ही ब्राझीलसारख्या देशाची भाषा. शाळेपासून विद्यापीठापर्यंत सगळं तिच्यात चालतं, मोबाईलचा कळफलक सुरुवातीपासून तिच्यात असतो. तिथे दहा जण परत गेले तरी अकरावा खातं उघडून येतो. आपल्याकडे देवनागरीत टंकायला बसणाराच मुळात दुर्मीळ. शिकलेली मराठी माणसं मेसेजसुद्धा रोमन लिपीत पाठवतात. अशा ठिकाणी देवनागरीत पाच ओळी लिहायला तयार झालेला माणूस, मग त्याचं 'पाणी' 'पानी' का असेना, आपल्याला परवडत नाही असं म्हणण्याइतके आपण श्रीमंत नाही.

एक अभ्यासही तुमच्यापुढे ठेवते. बेंजामिन माको हिल आणि एरन शॉ या दोन संशोधकांनी विकिया या संकेतस्थळावरच्या १३६ विकींचा, म्हणजे वाचकांनीच मिळून लिहिलेल्या संकेतस्थळांचा, इतिहास तपासला. या विकींनी आधी सगळ्यांना लिहू दिलं होतं आणि पुढे कधीतरी खात्याची अट घातली. अट घातल्यावर वाईट संपादनं कमी झाली, अगदी अपेक्षेप्रमाणे. पण चांगली संपादनंही कमी झाली. खाती उघडणाऱ्यांची संख्या थोडी वाढली, तरी गेलेलं भरून निघालं नाही. मला सगळ्यात जास्त खटकलं ते असं की आधीपासून खातं असलेल्यांचं कामही घटलं. वरवर पाहता हे अजब वाटेल. पण आपल्याच रात्री आठवून पाहा. कुणी अनोळखी माणूस एखाद्या पडून राहिलेल्या लेखाला हात लावतो, तो लेख 'अलीकडील बदल'मध्ये वर येतो, आपण उघडतो, आणि त्याची एक ओळ दुरुस्त करता करता आपण दहा ओळी लिहून बसतो. माझ्या हातून विस्तारलेल्या लेखांपैकी निम्मे तरी असेच सुरू झाले असतील.

आता खातं म्हणजे नेमकं काय, तेही एकदा बघू या. बोलताना आपण 'नोंदणी' म्हणतो आणि डोळ्यांपुढे तलाठ्याची वही येते, आधार कार्ड येतं. विकिपीडियाचं खातं म्हणजे मनाला येईल ते एक नाव आणि एक संकेतशब्द. ईमेलसुद्धा ऐच्छिक. त्यामुळे खात्याने माणूस ओळखीचा होतो हा समज निराधार आहे. आपल्याला सगळ्यात जास्त छळलं ते कुणी, आठवा. कोचिंग क्लासच्या जाहिराती लेख म्हणून चढवणारे खातं उघडून येतात. नेत्यांच्या लेखातून खटल्यांचा उल्लेख गुपचूप काढणारे खातं उघडून येतात. एकाच माणसाने चार नावं घेऊन चर्चापानावर स्वतःच्याच सुरात सूर मिसळल्याचा प्रकार आपण सगळ्यांनी मिळून निस्तरला, त्या चारही नावांची रीतसर खाती होती. ज्याचा स्वार्थ आहे तो नोंदणीला थकत नाही. सुट्टीतल्या पोराची शिवी दोन टिचक्यांत उलटते. पगारी माणसाने गोड भाषेत घातलेलं खोटं दोन-दोन वर्षं तसंच राहतं. खात्याच्या अटीने पहिला अडेल, आणि त्याच्याबरोबर गलाईवाला. दुसऱ्याच्या वाटेत काहीच येणार नाही.

खातं उघडायला लागतो एक मिनिट, असं तुमच्यापैकी एकाने मला सांगितलं. तुमच्या-माझ्यासाठी एक मिनिटच. मी एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी भाषा गौरव दिनाच्या निमित्ताने कार्यशाळा घ्यायला गेले होते. पंचवीस संगणक, सगळे एकाच जोडणीवर. आधी खाती उघडू या म्हटलं. मुलींसमोर रोमन अक्षरांचं ते वेडंवाकडं चित्र आलं, त्यातली अक्षरं ओळखून लिहायची. मराठी माध्यमातल्या मुली त्या, दोघी-तिघींनी तीन-तीनदा चुकवलं. कशीबशी सहा खाती झाली आणि सातव्या मुलीच्या पडद्यावर लाल पट्टी आली: या अंकपत्त्यावरून आजची मर्यादा संपली. एका अंकपत्त्यावरून दिवसाला सहा खाती, हा नियम तुम्हाला माहीत आहे. आधी अर्ज केला तर सवलत मिळते, हेही तुम्हाला माहीत आहे. मला त्या दिवशी नव्हतं. तास संपायला चाळीस मिनिटं उरली होती आणि एकोणीस मुली माझ्याकडे पाहत होत्या.

मी म्हटलं, असू दे, तशाच लिहा.

त्यातली एक बागलाण तालुक्यातली होती. तिने पुरणपोळीचा लेख उघडला आणि मला विचारलं, "मॅडम, यात मांडे नाहीत, लिहू का?" लिही म्हटलं. तिने लिहिलं की खानदेशात पुरणाचे मांडे करतात. ते पोळपाटावर थोडेसेच लाटतात आणि मग हातांवर झेलत मोठे करतात. चुलीवर खापर उलटं ठेवतात आणि त्याच्या पाठीवर मांडा भाजतात. तव्याला जी जागा इतर ठिकाणी, ती तिकडे खापराला. लिहिताना ती मध्येच थांबून दोन्ही हात हवेत फिरवत होती, आजी कसं करते ते आठवून शब्द शोधत होती. शेजारच्या दोघी तिला मदत करू लागल्या. तास संपल्याची घंटा झाली तरी तिघी उठल्या नाहीत. त्या ओळी आकड्यांच्या नावाने इतिहासात गेल्या. खात्याची अट असती तर मी त्या मुलींना फळ्यावर 'मुक्त ज्ञानकोश' हे शब्द लिहून दाखवून घरी पाठवलं असतं.

घराघरांतली परिस्थितीही लक्षात घ्या. कित्येक बाया नवऱ्याचा किंवा मुलाचा फोन वापरतात. त्यात 'माझं खातं' म्हणजे काय? वर्षानुवर्षं बँका आणि पोलीस आपल्याला बजावत आले आहेत की कुठे नाव-संकेतशब्द टाकू नका, ओटीपी सांगू नका. त्या धाकाने, आणि योग्यच धाकाने, लोक खातं उघडण्याचा तक्ता दिसला की मागे फिरतात.

आणि नावाचीही भीती आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरच्या विकिपीडियातल्या मजकुरावरून महाराष्ट्र सायबरने काही संपादकांविरुद्ध गुन्हा दाखल केला. त्याच्या आदल्या वर्षी एका वृत्तसंस्थेच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने तीन संपादकांची माहिती उघड करायला सांगितली होती. त्या मजकुरांच्या बऱ्यावाईटात मी इथे शिरत नाही. पण त्यानंतर माझ्या ओळखीच्या एका इतिहासाच्या प्राध्यापकांनी लिहिणं थांबवलं. आता ते चुका दिसल्या की मला फोन करून सांगतात. 'माझ्या नावावर काही नको,' एवढंच म्हणतात. ज्यांना एखादी तारीख दुरुस्त करायची आहे आणि कायमचं एक नाव मागे सोडायचं नाही, अशा माणसांसाठी आपल्याकडे आज जागा आहे. ती काढून घेऊ नका.

अंकपत्ता जगाला दिसतो, म्हणून खातं उघडणंच सुरक्षित, हा मुद्दा मी स्वतः वर्षानुवर्षं नवख्यांना सांगत आले. आता तोही मागे पडला. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेने २०२४ पासून एकेका विकीवर तात्पुरती खाती आणली. खातं न उघडता कुणी संपादन केलं की त्याला आपोआप एक नाव मिळतं, वर्ष आणि आकडे असलेलं. ते ९० दिवस त्याच्या ब्राउझरला चिकटून राहतं, आणि अंकपत्ता फक्त ठरावीक जबाबदार सदस्यांना दिसतो. याचा आपल्याला मोठा फायदा असा की आपण लिहिलेला निरोप त्या माणसापर्यंत पोहोचतो. अर्ध्या तासात अंकपत्ता बदलला तरी नाव तेच राहतं. ही सोय २०२२ मध्ये असती तर मी त्या गलाईवाल्याला साचा न लावता सरळ लिहिलं असतं, 'दादा, माफ करा, तुमचं बरोबर आहे, योजनेची एखादी बातमी सापडते का बघा,' आणि त्याला ते दिसलं असतं. इतक्या वर्षांनी अनोळखी माणसाशी बोलायची वाट झाली आहे आणि नेमक्या अशा वेळी आपण त्याला बाहेर काढायचं म्हणतो.

इंग्रजीतही अशी अट आहे, असा मुद्दा निघेल. आहे, पण कशावर, तेही बघा. २००५ मध्ये जॉन सिगेनथॅलर या ज्येष्ठ पत्रकाराच्या चरित्रात कुणीतरी त्यांचा संबंध केनेडी बंधूंच्या हत्यांशी जोडणारा खोटा मजकूर घातला आणि तो कित्येक महिने तसाच राहिला. त्यावरून गदारोळ झाल्यावर डिसेंबर २००५ मध्ये नवा लेख सुरू करायला खातं सक्तीचं झालं. असलेल्या लेखात बदल करायला नाही. पुढे तेवढंही पुरलं नाही. २०१८ पासून नव्या लेखासाठी खातं चार दिवस जुनं आणि दहा संपादनं झालेलं लागतं. नव्या लेखाबद्दल माझं काही म्हणणं नाही. कोरा लेख सुरू करणाऱ्याने खातं उघडावं, ही अपेक्षा मला रास्त वाटते. तिथे जाहिरातीच जास्त येतात. पण जगातल्या सगळ्यात मोठ्या विकिपीडियाने, आपल्या शेकडो पटींनी उत्पात सोसून, असलेला लेख दुरुस्त करायचा हक्क वीस वर्षांत काढून घेतलेला नाही.

वाईच्या विश्वकोशाचा मला फार आदर आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी जे उभं केलं ते तज्ज्ञांकडून लिहून घेऊन, संपादकांच्या नजरेखालून घालून. तो रस्ता वेगळा, त्याची शिस्त वेगळी, आणि मराठीला तो हवाच. १ मे २००३ ला आपलं काम सुरू झालं ते दुसऱ्या रस्त्याने. खापरावरचा मांडा हातांवर कसा मोठा करतात हे सांगणारी मुलगी आणि टेंभूचं पाणी आल्याचं सांगणारा भट्टीवाला वाईच्या रस्त्यावर कधीच भेटले नसते.

मग उत्पाताचं काय करायचं? जे लेख सतत जळत असतात ते आपण सगळे नावानिशी ओळखतो: जातींवरचे, काही ऐतिहासिक व्यक्तींवरचे, निवडणुकीच्या दिवसांत उमेदवारांवरचे. त्यांना खुशाल अर्धसुरक्षित करा, म्हणजे तिथे फक्त मुरलेल्या खात्यांना लिहिता येईल, वर्षभरासाठी करा, मी कधी तक्रार करणार नाही. संपादन गाळणीत, म्हणजे नको ते बदल आपोआप अडवणाऱ्या यंत्रणेत, शिव्यांची यादी नव्याने भरू या. आत्ता देवनागरीतल्या शिव्या अडतात आणि रोमन लिपीत, मध्ये टिंबं टाकून लिहिलेल्या सुटतात. ती यादी करायचं किळसवाणं काम मी घेते. दिवसभर शुद्धलेखन तपासणाऱ्या बाईला एवढं जमेल. मोबाईल कंपन्यांच्या मोठमोठ्या अंकपत्ता-पट्ट्यांवर लांब मुदतीची बंदी मात्र घालू नका. एका पोरासाठी अख्ख्या जिल्ह्याला कुलूप लागतं, आणि खातं निर्मितीही बंद ठेवली असेल तर बिचाऱ्यांना नोंदणीसुद्धा करता येत नाही.

आणि गस्तीची पाळी ठरवू या. आत्ता ज्याला वेळ मिळेल तो बघतो, त्यामुळे रविवारी रात्री पाच जण एकाच यादीवर असतात आणि मंगळवारी दुपारी कुणीच नसतं. आठवड्याचा तक्ता करून चावडीवर लावला तर दहा जणांत भागेल. रात्री दहा ते अकरा माझी पाळी समजा, सातही दिवस. पाळीत एकच पथ्य ठेवू: शिवी असेल तर लगेच उलटवायची, पण माहिती असेल तर उलटवण्याआधी ती खरी असू शकते का एवढं एकदा शोधून बघायचं. संदर्भ नसेल आणि आपल्याला सापडत असेल तर आपणच द्यायचा. नसेल सापडत तर ओळ चर्चापानावर हलवायची, म्हणजे लिहिणाऱ्याला ती दिसते तरी. यात वेळ जातो, मला माहीत आहे. वीस सेकंदांच्या जागी पाच मिनिटं जातात.

त्या गावाच्या लेखावर मी नंतर परत गेले. टेंभू योजनेच्या पाण्याला संदर्भ मिळाला, द्राक्षं-डाळिंबांना मिळाला, गलाईच्या स्थलांतरावर तर चांगलं सविस्तर लेखन सापडलं. पाचपैकी चार ओळी भाषा नीट करून परत घातल्या आणि सारांशात लिहिलं की मूळ माहिती अमुक अंकपत्त्यावरून आलेल्या सदस्याची. पाचवी ओळ यात्रेच्या तिथीची होती. तिला कुठेच आधार मिळाला नाही. विट्याच्या मैत्रिणीने विचारपूस केली, पण एकाने एक तिथी सांगितली, दुसऱ्याने दुसरी. ती ओळ मी चर्चापानावर ठेवली आहे, त्याच्या शब्दांत, त्याच्या शुद्धलेखनासकट, आणि खाली विनंती केली आहे की गावातल्या कुणी पाहिलं तर खात्री करून सांगावं.

अजून कुणी सांगितलेलं नाही. तोवर ते पान उघडं असू द्या.

आपली,
रात्री दहाच्या पाळीची एक सदस्य
नाशिक